काळ्या चौकटीचं आमंत्रण

चार वर्षांपूर्वी, उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सहा दिवस उरले असताना, मी छाणीत वारलो. फार वेळ नाही, साधारण अर्धा तास. तो अर्धा तास मी स्वतः मात्र बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, बेसिनपाशी उभा राहून अंगठ्याला लागलेली काळी शाई लिंबाच्या फोडीने घासत होतो. जात नव्हती.

फोन वाजला तो वसुधाने, म्हणजे माझ्या बायकोने, उचलला. पलीकडे छाणीच्या आमच्या विहीणबाई, कोकिलाबेन. आमच्या लेकीचं, सायलीचं लग्न होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. कोकिलाबेन रडत होत्या. "वसुधाबेन, आ शुं थई गयुं? केवी रीते?" हे काय झालं, कसं झालं. वसुधाला वाटलं, त्यांच्याकडेच काहीतरी झालं. तिचाही आवाज बसला. मिनिटभर दोघी एकमेकींचं सांत्वन करत राहिल्या आणि गेलं कोण, हे दोघींनाही कळेना. शेवटी कोकिलाबेन म्हणाल्या, "दिलीपभाई तो हजी परमदिवसे फोन पर हसता हता..."

दिलीप म्हणजे मी. वसुधाने फोन कानाला तसाच धरून मान वळवली, मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहून घेतलं, आणि म्हणाली, "हसता हता म्हणजे? ते अजून हसतायत. अंगठा धुतायत. देऊ का?"

माझ्या मरणाला कारण मीच होतो. मी एक आमंत्रणाचं कार्ड केलं होतं, स्वतःच्या हाताने, ठसे कोरून, आणि मोठ्या हौसेने पोस्टात टाकलं होतं.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे ते दिवस पुन्हा आलेत. सकाळी दूध आणायला उतरलं की सोसायटीच्या फाटकापासून वळणापर्यंत खांबाखांबांना दोरे ताणलेले दिसतात, आणि एक माणूस मुठीत गुलाबी लगदा धरून त्यांच्यावरून पुढे-मागे चालत असतो. मांजा रंगतोय. आख्खा रस्ता मागाला लावल्यासारखा दिसतो. भाजीच्या लाऱ्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, उंधियूचे जांभळे कंद येऊन बसलेत. स्कूटरवाल्यांनी हँडलला तारेच्या कमानी लावून घेतल्यात, गळ्याला दोरा लागू नये म्हणून. शेजारच्या गच्चीवर स्पीकर चढलाय, तो वाजतो की नाही हे रोज संध्याकाळी तपासलं जातं आणि रोज तो वाजतो. आणि नेमकी याच दिवसांत माझ्या बोटांना खाज सुटते. काहीतरी कोरावंसं वाटतं. समोर दिसेल त्या खोडरबराकडे मी मांजराने उंदराकडे बघावं तसा बघू लागतो.

मी तीस वर्षं एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पाइपांची चित्रं काढतोय. पाइप कुठून निघतो, कुठे वळतो, कुठे जाऊन मिळतो. त्यामुळे माझ्या हातून गणपती निघाला तरी सोंडेला एक व्हॉल्व्ह बसवावासा वाटतो. तर अशाच एका लांबलेल्या मीटिंगमध्ये समोर खोडरबर पडलं होतं आणि पेन्सिलीला टोक काढायचं ब्लेड हाताशी होतं. मीटिंग संपली तेव्हा रबरावर एक ठसा तयार होता. साहेबांना वाटलं, मी मन लावून मुद्दे उतरवून घेतोय.

तो पहिला ठसा वडिलांचा. वडील रेल्वेत होते. सायकलने स्टेशनला जाताना पँटच्या उजव्या पायाला पत्र्याची एक गोल क्लिप लावायचे, चेनमध्ये कापड अडकू नये म्हणून. घरी आले की ती खुंटीला अडकवायचे. शाळेतून आलो की मी आधी खुंटीकडे बघायचो. क्लिप असली की वडील घरात. नसली की तासभर मोकळीक. वडील जाऊन खूप वर्षं झाली, सायकल कुणाला दिली तेही आठवत नाही, पण डोळे मिटले की ती तोंड उघडं राहिलेली गोल क्लिप दिसते. तीच कोरली. ज्याला दाखवावी तो विचारायचा, "हे काय, कानातलं?" मी म्हणायचो, हो.

मग आईचा. आई संक्रांतीचा हलवा घरी करायची. मंद आचेवर परात, परातीत तीळ, आणि वरून चमचा-चमचा पाक सोडत बोटांच्या टोकांनी तासन्‌तास फिरवत राहायचं. दोन-तीन दिवस असं चाललं की थंडीत त्या तिळाला काटा फुलतो. आईचा ठसा म्हणून मी हलव्याचा एक दाणा कोरला. गोल, आणि भोवती काटे. झक्क जमला होता. सायलीने पाहिला आणि दोन पावलं मागे सरकली. "बाबा, हा कोरोना आहे?" नुकतेच त्या साथीतून बाहेर पडलो होतो सगळे. मी म्हटलं, "ही तुझी आजी आहे." ती म्हणाली, "आजीला असं नका करू."

रबरावर भागेना तेव्हा मी पाणीगेटच्या आत एका गल्लीत जाऊ लागलो. तिथे कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरणारे एक म्हातारे कारागीर बसायचे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. माझी सगळी रबरं त्यांनी तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "आ तो लेसन करवानुं रबर छे." हे तर शाळेच्या अभ्यासाचं रबर. मग माझं पडलेलं तोंड बघून शेजारी बसवून घेतलं. लाकडाचा भुसा फुंकत एकच गोष्ट त्यांनी शिकवली. "साहेब, काढवानुं ना जुओ. राखवानुं जुओ." काय काढून टाकायचं तिकडे बघायचं नाही. काय राखायचं, त्याच्यावर नजर ठेवायची.

ऐकायला सोपं आहे. करून बघा. एक माणूस म्हणजे केवढा पसारा! त्याचं बोलणं, चालणं, आजारपणं, हट्ट, त्याच्या हातची एखादी भाजी, त्याच्यावरचा आपला तीन वर्षांपूर्वीचा राग. त्यातलं काडेपेटीएवढ्या रबरावर काय राखायचं? त्या डिसेंबरात मी ऑफिसात, जेवताना, सिग्नलला थांबलेला असताना, घरच्या एकेका माणसाला मनातल्या मनात तासत होतो. हार्दिक, आमचा जावई: मांजाची फिरकी. त्याच्या हातात फिरकी दिली की तो जेवायलाही येत नाही. आमचे व्याही नवीनभाई: हिंचका, म्हणजे झोपाळा. त्यांना जमिनीला पाय टेकवून बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. कोकिलाबेन: मेथीचं पान, कारण कधीही जा, त्या मेथी निवडत असतात. सायली: ओढणीचं गाठोडं आणि त्यातून बाहेर बघणारे दोन डोळे. बडोद्याच्या रस्त्यांवर स्कूटरवरच्या सगळ्या मुली अशाच दिसतात, पण आपल्या मुलीचे डोळे बापाला चौकातल्या पन्नास गाठोड्यांतूनही ओळखू येतात.

दोन ठसे मात्र राहिले. एक नवीनभाईंच्या आईचा, बांचा. बा ऐंशीच्या पुढच्या. लग्नात एकदा वाकून नमस्कार केला होता, तेवढीच ओळख. आणि दुसरा वसुधाचा. तो का राहिला, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ती काय घरातच आहे, तिला कुठे कार्ड पाठवायचंय.

आता कार्ड कशाचं ते सांगतो. लग्नानंतरची पहिली संक्रांत. आपल्याकडे नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवायची, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे. हार, बाजूबंद, बिंदी, कमरपट्टा, सगळं पांढरं शुभ्र, काळ्यावर चांदणं पडल्यासारखं. जावयाच्या हातात हलव्याचा नारळ. मग हळदीकुंकू. सायलीला हे सगळं हवं होतं, आणि नवी साडी नको होती. "आई, तू नेसली होतीस तीच हवी."

पण सासर गुजराती. तिथे नव्या सुनेच्या अंगावर काळं म्हणजे अशुभ. आणि त्या घरात बांचा शब्द शेवटचा. बांनी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं, "आ घरमां नवी वहु काळुं ना पहेरे."

वसुधा वाद घालत नाही. ती वाट पाहते, आणि पाहता पाहता चाल करते. लग्न ठरल्यापासून सहा महिने तिने हे काम चालवलं होतं. आधी कोकिलाबेनना स्वतःच्या पहिल्या संक्रांतीचा फोटो दाखवला. त्यात ती काळ्या साडीत उभी आहे आणि शेजारी मी हलव्याचा नारळ बाँबसारखा लांब धरलाय. मग एका डबीतून हलव्याचे दाणे पाठवले. मग एकदा सहज म्हणून साडी दाखवली, तिचे लाल काठ, काठांवरचं जरीचं काम. कोकिलाबेन विरघळल्या. "मने तो बहु गमे छे, पण बा..." आणि नाताळच्या सुटीत अखेर बांकडून निरोप आला: "जोईशुं." बघू. आयुष्य बडोद्यात गेलेल्या माणसाला विचारा, गुजराती घरातलं 'जोईशुं' म्हणजे निम्मं काम झालं. वसुधा त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने परात काढली आणि हलवा घालायला घेतला.

त्या वर्षी थंडीही छान पडली होती. सकाळी सहाला ती परातीपाशी बसायची. पाकाचा वास, बोटांखाली तिळांची खसखस, आणि खिडकीच्या काचेवर धुकं. जेवणाच्या टेबलावर मी. तिची बोटं पाकाच्या चटक्यांनी लाल झालेली, माझा अंगठा शाईने काळा. मी त्या अंगठ्याने फ्रिज उघडायचो, दिवे लावायचो, दुधाचं पातेलं उचलायचो. ती मागून ओलं फडकं घेऊन फिरायची. "घरात चोर शिरला तर पोलिसांचं काम सोपं आहे," म्हणायची. "सगळीकडे तुमचेच ठसे. तुम्हालाच नेतील."

आणि माझ्या डोक्यात आलं, हळदीकुंकवाचं आमंत्रण आपणच छापायचं! दोन्हीकडची सगळी माणसं ठशांमधून एकाच कार्डावर. साधी पोस्टकार्डं आणली. संक्रांत काळी, म्हणून शाई काळी. मध्ये क्लिप, दाणा, फिरकी, हिंचका, मेथी, डोळे. खाली ठळक अक्षरांत माझं नाव. कडेला शाई जरा फिसकटत होती, ती झाकायला चारी बाजूंनी एक जाड पट्टी मारली. काळी.

"कसं वाटतंय?" मी वसुधाला विचारलं.

तिचे हात परातीत होते. तिने लांबून पाहिलं. "चौकट जाड झाली का जरा?"

"ठसठशीत झालीय!"

"बरं. मग जेवण झालं की स्कूटरवर टाका आणि छाणीला देऊन या."

"छे! पोस्टाने पाठवणार. पोस्टाचा शिक्का पडल्याशिवाय पत्राला मजा नाही. पहिलं कार्ड बांच्या घरी, बाकीची मग."

"वीस मिनिटांवर घर आहे, अहो."

मी ऐकलं नाही. आणि मला हे माहीत नव्हतं असंही नाही, हीच तर लाज. लहानपणी आमच्या चाळीत पोस्टमन एकदा शेजारच्या गुजराती काकींना काळ्या चौकटीचं कार्ड देऊन गेला होता. कुणीतरी गेल्याचं कळवणारं. त्याला ते काळोतरी म्हणतात. ते घरात न्यायचं नाही, पायरीवरच वाचायचं, फाडायचं आणि आंघोळ करून मगच आत जायचं. काकी कार्ड फाडून ओल्या अंगाने आत गेल्या, ते मी कठड्यावरून पाहिलं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात कुठेतरी होतं. पण त्या आठवड्यात माझा मराठी अर्धा भाग जागा होता, आणि गुजराती अर्धा गच्चीवर पतंग बघत असावा.

तिकडे काय झालं ते नंतर कळलं. बा दारापुढच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पोस्टमनने कार्ड त्यांच्याच हातात दिलं. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. जाड चौकट दिसली, आणि जाड अक्षरातलं माझं नाव दिसलं. "कोईक गयुं!" म्हणून त्या ओरडल्या, आणि दुसऱ्या श्वासाला, "वेवाई गया!" व्याही गेले. कार्डाचे दोन तुकडे ओट्याखाली. मग सगळ्यांच्या आंघोळी, त्याही गार पाण्याने, कारण बांच्या मते सुतकात गरम पाणी चालत नाही. नवीनभाई हिंचक्यावरून उतरले. त्यांचे पाय जमिनीला लागल्याचा तो पहिला पुरावा. सायली आणि हार्दिक कामावर होते म्हणून वाचले. पांढरे कपडे निघाले. आणि निघण्याआधी, धीर करून, कोकिलाबेननी फोन लावला.

इकडे मी सगळं ऐकून पोट धरून हसलो. हसता हसता पाहिलं, तर वसुधा हसत नव्हती. तिने गॅस बंद केला. परातीतल्या दाण्यांना नुकता काटा धरायला लागला होता. ती हात पुसत म्हणाली, "सहा महिने." बास, एवढंच. थोड्या वेळाने कोकिलाबेनचा पुन्हा फोन आला, अवघडलेला. बा म्हणतात, आता काळं काही नको. ना कागद, ना साडी.

संध्याकाळी सायलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" आणि मग, फार हळू, "साडी आता राहू द्या. आईला म्हणावं, हलवा नुसता खाऊ आपण." फोन ठेवल्यावर मी माझे सगळे ठसे, शाईची गादी आणि उरलेली कार्डं बिस्किटाच्या डब्यात भरली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. या वेळी स्कूटरवरून गेलो.

बा ओट्यावरच होत्या. मला पायरीशी पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"जीवता छो?"

"हो, बा."

"तो बेसो."

मी बसलो. माफीची चार वाक्यं गुजरातीत पाठ करून आलो होतो, ती एकमेकांत अडकली. शेवटी करायचं काय म्हणून मी डबा उघडला, शाईची गादी काढली, आणि कालच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एकेक ठसा उमटवू लागलो. काय केलं होतं ते तरी त्यांना दाखवावं.

हिंचका उमटला. बांनी कागद डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांच्या तोंडाचं बोळकं उघडलं. "आ तो मारो नवीन!" मेथीचं पान उमटलं, तशा आत तोंड करून ओरडल्या, "कोकिला, जो, तने पकडी!" कोकिलाबेन हातात खरोखरच मेथी घेऊन बाहेर आल्या. फिरकी ओळखली. डोळे ओळखले, आणि त्या डोळ्यांवरून अंगठा फिरवला, "वहु." हलव्याच्या दाण्याला मात्र त्या म्हणाल्या, "आ पेलो रोग?" मी म्हटलं, नाही बा, माझी आई. त्यांनी लगेच कागदाला हात लावून कपाळाला लावला.

मग क्लिप. मी सवयीने म्हणणार होतो, कानातलं. बा म्हणाल्या, "सायकलनी क्लिप." आणि स्वतःच्या घोट्याकडे बोट दाखवून, "एमना पगे पण हती." त्यांच्याही पायाला असायची, म्हणजे नवीनभाईंच्या वडिलांच्या.

इतक्या वर्षांत एकाही माणसाने ती ओळखली नव्हती. मी गादीचं झाकण उगाच लावलं आणि उघडलं.

"ने मारो क्यां?" बा म्हणाल्या. आणि माझा कुठे?

काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "बा, मी तुम्हाला ओळखतच नाही. काय राखायचं, कळलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि पोलक्याची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. ठिपक्यांच्या ओळी, एक फूल, एक मोरासारखं काहीतरी, सगळं सुरकुत्यांमध्ये जरा हललेलं. "आ राख," त्या म्हणाल्या. नऊ वर्षांच्या असताना जत्रेत काढलेलं. सुईने, काजळीने. खूप रडल्या होत्या. सासरी जायच्या आधी हे हातावर असायलाच हवं, असं त्यांच्या आईचं म्हणणं. "बीजुं बधुं अहीं रहेशे. आ साथे आवशे." बाकीचं सगळं इथेच राहणार, हे तेवढं बरोबर येणार.

गोंदण काळं होतं. हिरवट झालेलं, पण काळं. नव्या नवरीच्या हातावर, शुभ म्हणून घातलेलं. माझ्या जिभेवर वाक्य येऊन उभं राहिलं होतं. ते मी गिळलं. योग्य वेळी गप्प बसण्याचा माझ्या आयुष्यातला बहुधा तो पहिलाच प्रसंग. बा आपल्या हाताकडे बघत होत्या, मग गादीतल्या शाईकडे, मग पुन्हा हाताकडे. शेंगांच्या टोपलीवर माश्या बसत होत्या, त्या कुणी हाकलल्या नाहीत.

तासभर मी कोरत होतो. मधे चहा आला, तो गार झाला. मनगटावरचं ते फूल आणि त्याभोवतीचे नऊ ठिपके. ठिपका राखणं सगळ्यात कठीण. ब्लेड जरा घसरलं की गेला. एकेक ठिपका सुटा झाला की बा मोठ्याने मोजत. नवव्याला टाळी वाजवली.

मी गादी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली. "कोकिला, कंकु लाव." कुंकू आण. वाटीत कुंकू कालवलं गेलं. बांनी ठसा त्यात बुडवला, माझ्या डब्यातलं एक उरलेलं काळ्या चौकटीचं कार्ड ओढून घेतलं, आणि सगळा भार देऊन मधोमध दाबला. काळ्याच्या मध्ये ओलं, लालभडक फूल.

"हवे घरमां आवे," त्या म्हणाल्या. आता घरात येऊ दे. आणि कार्ड स्वतःच्या हाताने आत नेऊन देवापाशी ठेवलं. बाहेर येऊन, जणू मघाचंच बोलणं पुढे चालू आहे अशा आवाजात, "वहुने कहेजो, काळुं पहेरे. पण चांदलो हुं करीश." कुंकू मी लावणार.

मी उठलो, तेव्हा त्यांना आणखी एक आठवलं. डबा हलवून बघत म्हणाल्या, "ने तमारी घरवाळीनो?"

"तिचा नाही केला."

"एनेय नथी ओळखता?"

यावर कोकिलाबेन इतक्या हसल्या की मेथी खाली पडली. मीही हसलो. पण छाणीपासून समापर्यंत, स्कूटरवर, तो प्रश्न मागच्या सीटवर बसून आला. तिलाही ओळखत नाही?

संक्रांतीला ऊन कोवळं होतं आणि आभाळात जागा नव्हती. आमच्या गच्चीवर दोन्ही घरं. हार्दिक हलव्याचा नारळ कठड्यावर ठेवून फिरकीशी जुंपलेला. आणि जिन्यातून सायली वर आली, तिच्या आईच्या काळ्या साडीत, अंगभर पांढरे दाणे. गच्चीवरच्या आरडाओरड्यातही क्षणभर सगळे थांबलेच. बांनी ठरल्याप्रमाणे कुंकू लावलं, मोठा चांगला रुपयाएवढा, आणि मग बाजूबंदाचा एक दाणा हळूच तोडून तोंडात टाकला. चघळला. "काचो नथी," असा निकाल दिला. वसुधा हळदीकुंकवाचं तबक घेऊन जिन्याच्या दाराशी उभी होती. ती पुढे आली नाही. नुसती बघत राहिली, लाल झालेल्या बोटांनी तबक घट्ट धरून. मी तिला बघत होतो. कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि आख्खी सोसायटी ओरडली.

आणि या वर्षी रेवाचं बोरनहाण! रेवा म्हणजे सायलीची मुलगी, आठ महिन्यांची. तिला काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, लिमलेटच्या गोळ्या. तिच्या ठशाचा प्रश्न तिनेच सोडवला: खाली आलेले दोन दात. मी कोरलेला ठसा तिला दाखवला, तर तिने त्याला चावून अस्सल प्रतही काढून दिली. बांचा ठसा रबराचा होता, चार वर्षांत ठिपके झिजले. तो पाणीगेटला नेऊन लाकडात करून घेतला. बांचा रोज फोन येतो. "कंकु लगाड्युं? मारुं फूल बराबर आव्युं?" त्यांच्या मते हे आमंत्रण त्यांच्याच नावाने चालतं, आणि त्यांचं बरोबर आहे. चौकट काळीच ठेवली आहे. त्यांनीच सांगितलं, ठेव.

काल सकाळी चाळीस कार्डं वाळत घातली होती. वसुधा परातीपाशी. "तीळ संपले," ती म्हणाली, "वरचा डबा काढून द्या." मी फळीवरून तिळाचा मोठा डबा उचलला, आणि त्याच्या मागे, पांढऱ्या टाइलवर, एक काळा अंगठा. स्पष्ट, रेघनरेघ. माझा. चार वर्षांपूर्वीचा, त्या धांदलीतला, दुसरा कुठला असणार. ही बाई दर दिवाळीला त्या फळीवरचे सगळे डबे उतरवते आणि टाइल न्‌ टाइल सोड्याने घासते. मी डबा हातात घेऊन तसाच उभा.

"हे राहिलंय इथे पुसायचं," मी म्हटलं.

"राहिलं नाही. ठेवलंय." तिने मान वर केली नाही, बोटं परातीत फिरत होती. "जगाचे ठसे केलेत. स्वतःचा कुठे केलात?"

चार वर्षं मागच्या सीटवर बसलेला तो प्रश्न मी तेव्हा, तिळाच्या डब्यासकट, पुढे आणला. "वसुधा, तुझाही राहिलाय. काय राखू, ते कळतच नाही."

तिने पाकाचा आणखी एक चमचा परातीत सोडला. मग म्हणाली, "करायचाच असेल तर त्याच्या शेजारी मावेल एवढाच करा. मला डबे ठेवायला जागा लागते. आणि आधी हात धुवा, तिळाला काळं लागेल."